गाडी उन्हात घ्या

सर शर्ट उलटा घालायचे. उलटा म्हणजे आतली बाजू बाहेर नव्हे, पुढची बाजू मागे. बटणं पाठीवर आणि पाठ पोटावर. रोज सकाळी चहा झाला की ते अंगणात बायकोकडे पाठ करून उभे राहायचे, आणि काकू हातातलं काम टाकून, तोंडानं काहीबाही पुटपुटत, खालपासून वरपर्यंत बटणं लावायच्या. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे दृश्य जिन्यातून पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई, घर बदल.

बदललं नाही. अंबडच्या कोर्टात नव्यानं वकिली करणाऱ्या एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की लोक उलटतपासणी घेत होते. माहेर कुठलं, लग्नाचं काय, रात्री किती वाजता येणार. सरांनी एकच प्रश्न विचारला होता, "गाडी कोणत्या रंगाची हाय?"

"लाल."

"लाल बरी. काळी असती तर इचार करावा लागला असता."

शर्टाचं कारण पुढे कळलं. सर गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे काढायचे. बॉनेटवर ओणवं होऊन काम करताना शर्टाचं बटण घासलं तर जुना ओरखडा जाऊन नवा येणार, म्हणून बटणं मागे. त्याच कारणानं हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, कमरेला पट्टा नाही. पायजमा, आणि त्याची नाडीसुद्धा आत खोचलेली. शेडमध्ये कुणी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आला की सर त्याच्याकडे असे बघायचे की तो आपोआप चार पावलं मागे सरकायचा.

मूळचे ते चित्रकलेचे मास्तर. सगळी नोकरी तालुक्यातल्या शाळांमध्ये पोरांना वर्तुळ आणि निसर्गचित्र शिकवण्यात गेली. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी एक जुनी गाडी घेतली, ऐटीत शाळेच्या आवारात लावली, आणि कुण्या पोरानं कंपासपेटीतल्या कर्कटकानं तिच्या दारावर एक वर्तुळ काढून ठेवलं. दुसरा मास्तर असता तर अख्खा वर्ग उन्हात उभा केला असता. सर म्हणे त्या वर्तुळाकडे बराच वेळ बघत राहिले. "कोण ते कळलं न्हाई," ते मला सांगायचे, "पण वकीलबाई, हाताला दाद द्यावी लागंल. इतकं बराबर वर्तुळ मी फळ्यावर शिकवून एकाला बी आलं न्हाई."

ते वर्तुळ घालवायच्या नादात ते हा उद्योग शिकले. मोबाईलवर बघून, रंग घासून चमकवायचं मशीन मागवून, आपल्याच गाडीवर चुका करून. निवृत्त माणसं शेती बघतात, नाहीतर सोसायटीच्या राजकारणात पडतात. सरांनी घरामागे पत्र्याचं शेड टाकलं. गाडी धुतल्यावर तिच्यावर रुतून बसलेली बारीक कचकच काढायला एक मातीसारखा मऊ गोळा फिरवतात. त्याला दुकानदार काहीही म्हणोत, सर 'शाडू' म्हणायचे. हाताला लागलेली सवय, दुसरं काय.

स्वतःच्या गाडीवरचं ते वर्तुळ मात्र त्यांनी पुरतं काढलं नाही. पुसट झालं, पण राहिलं. का, असं विचारलं की ते उजव्या हाताची करंगळी वर करायचे.

करंगळीचं नख हे त्यांचं मुख्य हत्यार. ते त्यांनी वाढवून, घासून, गुळगुळीत गोल केलेलं होतं. ओरखड्यावरून ते अलगद आडवं फिरवायचं. न अडकता गेलं तर ती 'रेघ'. अडकलं तर तो 'चरा'. रेघ जाते, चरा जात नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. पण नखाला एकदा सवय लागली की ते गाडीवर थोडंच थांबतंय? माझं नवं कपाट आलं तेव्हा सरांनी आधी त्याच्यावर नख फिरवलं आणि मग "अभिनंदन" म्हणाले. एका लग्नात सगळे नवरदेवाला बघायला धावले, तर हे नवरदेवाच्या गाडीपाशी उकिडवे बसलेले. काकू म्हणाल्या, "ह्यांना घेऊन कुठं जायची सोय ऱ्हायली न्हाई बघा."

गिऱ्हाईक आलं की सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "गाडी उन्हात घ्या." सावलीत प्रत्येक गाडी सुंदर दिसते, असं त्यांचं मत. सकाळचं तिरपं ऊन रंगावर पडलं की मग खरं काय ते कळतं. त्या उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक, गोल गोल रेघांचं एक जाळं दिसतं. माझ्या लाल गाडीवर त्यांनी ते मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी चकित झाले. रोज त्याच गाडीतून फिरत होते आणि कधी दिसलं नव्हतं. आता दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

"हे कुणी केलं?" मी कोर्टातल्या आवाजात विचारलं.

"तुम्हीच. आणखी कोण?" सर म्हणाले. "गाडी धुळीनं खराब होत न्हाई, बाई. पुसण्यानं होती."

आणि आमच्याकडे धुळीला काय तोटा? सकाळी उठून जुन्या बनियननं गाडी कोरडीच पुसायची, हे तर प्रत्येक गाडीवाल्याचं नित्यकर्म. ज्याचं गाडीवर प्रेम जास्त, त्याच्या गाडीवर जाळं जास्त. एक बागाईतदार फार दुखावला होता. म्हणाला, "सर, मी तर लेकरावानी पुसतो तिला." सर म्हणाले, "लेकराचं तोंड कोरड्या फडक्यानं खसाखसा घासता का? मंग?"

राजूरच्या गणपतीला नवी गाडी दाखवून आणायची आमच्याकडची रीत. तिथून आलेल्या गाड्यांच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक असायचा, आणि तो उन्हात वाळून रंगात मुरलेला असायचा. मालक तो जाईना म्हणून घासत सुटायचे आणि मग रडत सरांकडे यायचे. सर बौद्ध. घरात दर्शनी भिंतीवर त्यांनीच रंगवलेलं मोठं बुद्धाचं चित्र, आणि पौर्णिमेला काकूंची खीर माडीवर येणार म्हणजे येणार. पण देवाच्या बाबतीत ते कुणाशी वाद घालत नसत. स्वस्तिकाचा डाग इतक्या हळुवार हातानं काढायचे की मालकालाही वाटावं, आपण उगाच घासलं. वर एक सल्ला द्यायचे, "पुढच्या बारीला काचेवर काढा. गणपतीला काचेवरचं बी दिसतंय." हा सल्ला पंचक्रोशीत इतका पसरला की राजूरहून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे स्वस्तिक काचेवर गेले. धर्मसुधारणा म्हणतात ती हीच असावी.

पण मला त्यांचं सगळ्यात नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा माणूस बहुतेक गिऱ्हाइकांना काम न करताच परत पाठवायचा. "लोकांना वाटतंय मी रेघ पुसतो," ते सांगायचे. "रेघ कुणाला पुसता येत न्हाई. मी तिच्या आजूबाजूचं सगळं घासून तिच्या बरोबरीला खाली आणतो. मंग ती दिसत न्हाई." रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. जे काही घासायचं ते त्याच्यातच. "आन हा थर परत येत न्हाई. गाडीच्या जन्मात दोन-तीन बार, बस्स. म्हणून मशीन चालवता येणं ही कला न्हाई. मशीन कवा बंद करायचं, ती कला हाय." पक्षकाराला 'तुझी केस लढू नकोस' असं सांगणारा वकील मी अजून पाहिलेला नाही, मला धरून. मला सरांचा अभिमान वाटायचा, तो ह्यासाठी.

त्यांच्या त्या उन्हाच्या वाक्याला एक शेपूट होतं. "गाडी उन्हात बघावी, माणूस सावलीत." हे काय आहे, असं मी काकूंना विचारलं, तर त्या लाजल्या. "मला बघायला आल्ते ना, तवा ह्यांच्या मामानं मला म्हणलं, पोरी, दारापाशी उजेडात बस, नीट दिसू दे. तर हे म्हणले, राहू द्या, सावलीतच बसू द्या, उन्हात डोळे दिपतील त्यांचे. तवापासून चालूय." मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "तवाच कळायला पायजे होतं मला, हा माणूस जरा वेगळा हाय."

आता त्या वर्षाचं सांगते.

दिवाळीच्या आधी सर एका सकाळी म्हणाले, "वकीलबाई, तुमच्या गाडीवर लई जाळं झालंय." मला काही दिसत नव्हतं. मी त्यांच्याच शिकवणीनं गाडी पुसायची सोडली होती. नुसतं पाणी मारून मऊ कापडानं टिपत होते. पण सर म्हणाले म्हणजे असेल. संध्याकाळी कोर्टातून आले तर गाडी तयार, आणि सर समाधानानं शेडच्या दारात बसलेले. गाडी सुंदरच दिसत होती. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या मैदानात ऊन पडलं तेव्हा दिसलं. बॉनेटच्या कडेला, जिथं पत्रा वळतो तिथं, सुपारीएवढा एक निस्तेज, कोरडा ठिपका. लाल होता, पण त्यात चमक नव्हती. सरांनीच मला शिकवलेलं असल्यामुळे तो कशाचा, हे विचारायची गरज नव्हती. तिथला थर संपला होता.

मी काही बोलले नाही. अंगणात कडुनिंब होता. रोज सरांच्या शेडसमोर उन्हात गाडी लावायचे ती त्याच्याखाली लावायला लागले. माणूस आहे, एखाद्या दिवशी हात चुकतो, एवढंच मनात आलं.

पण मग सर परत पाठवत होते त्या गाड्याही ठेवून घ्यायला लागले. सगळ्यांच्यावर त्यांना जाळं दिसायचं. केलेल्या गाडीवर पुन्हा हात फिरवायचे. हा तोच माणूस, ज्याच्या लेखी मशीन बंद करणं ही कला होती. काकू एकदा जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "ह्यांना आता जेवायच्या ताटात बी जाळं दिसायलंय. नवं ताट, कालच काढलंय मी. डोळे दाखवा म्हणलं की अंगावर येत्यात." सरांना बिनचष्म्याच्या डोळ्यांचा गर्व होता, आणि तो गावभर सांगून झालेला होता. अशा माणसाला कोण सांगणार?

शेवटी सांगावं लागलं ते अंकुशनगरच्या एका माणसामुळे. हा साखर कारखान्यात कामाला. त्यानं लेकीच्या लग्नासाठी नवी गाडी घेतली होती, काळीकुट्ट, आणि रस्त्यात उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना बाहेर आलेल्या उसांनी गाडीची एक कड ओरबाडून काढली होती. लेकीची पाठवणी ह्याच गाडीतून व्हायची होती. सरांनी ती कड अशी काही केली, की मी कोर्टातून येताना थबकून बघत राहिले. काळ्या रंगात कडुनिंबाचं पान न् पान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मालक दुपारी गाडी न्यायला येणार होता. सकाळीच खालून काकूंची हाक आली, "वकीलबाई, जल्दी खाली या!"

सर उलट्या शर्टात गाडीसमोर उभे होते आणि मशीन त्यांच्या हातात होतं. "सगळं जाळं तसंच हाय," ते म्हणाले. "काल दिसलं न्हाई मला. परत एक हात मारतो."

गाडी उन्हात होती. मी वाकून, बसून, सरांनी शिकवलेल्या सगळ्या बाजूंनी बघितलं. एक रेघ नव्हती. आणि सर पुन्हा मशीन फिरवणार होते. माझ्या बॉनेटचा ठिपका मला आठवला. लालवर तो सुपारीएवढा होता. काळ्यावर हाताएवढा झाला असता, आणि लग्नाच्या मांडवात शंभर लोकांनी तो बघितला असता. गाडीचं एक असो. सरांना ते कळल्यावर सरांचं काय झालं असतं?

मी हात जोडले. "सर, एक मिनिट. दोन-चार प्रश्न विचारते, मग चालवा."

"इचारा."

"ह्या गाडीत जाळं आहे?"

"हाय."

"घराच्या त्या खिडकीच्या काचेत?"

त्यांनी बघितलं. "हाय. काच बी पुसून पुसून खराब केलीय हिनं."

काकूंच्या हातात घासलेला तांब्या होता. मी तो उन्हात धरला. "ह्याच्यात?"

"हाय."

मी माझा चष्मा काढून समोर केला. तो मी त्याच आठवड्यात करून आणला होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. "आणि ह्याच्यात, सर?"

सरांनी चष्म्याकडे निरखून पाहिलं. हातातलं मशीन जरा खाली आलं. पुढचा प्रश्न विचारायचं मला काही धैर्य होईना. साक्षीदाराला कोंडीत पकडायची मला एरवी हौस. त्या दिवशी मी नुसता चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तो प्रश्न काकूंनी विचारला. तांब्या खाली ठेवून त्या उन्हात सरांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"आन माझ्या तोंडावर हो?"

सर त्यांच्याकडे बघत राहिले. डोळे बारीक केले, मान तिरपी केली, गाडीकडे बघायचे तसं बघितलं. मग फार हळू म्हणाले, "हाय."

"मंग मला बी मशीन लावता का आता?"

काकू हे हसत म्हणाल्या आणि म्हणता म्हणता रडायला लागल्या. सरांनी मशीन जमिनीवर ठेवलं. काळी गाडी दुपारी तशीच गेली, कडुनिंबाच्या पानांसकट. ती निघाली तेव्हा सर तिच्याकडे पाठ करून बसले होते.

जालन्याला दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काम कसं केलं ह्यांनी? एका डोळ्याचं आधी झालं, दुसऱ्याचं नंतर. पहिली पट्टी काढली तेव्हा काकू समोर होत्या. सरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "सुरकुत्या बऱ्याच झाल्या की गं."

"रेघा हायत का चरे?" काकूंनी विचारलं.

सर म्हणाले, "काही का असंना. ह्याला हात लावायचा न्हाई." ऑपरेशनच्या आधी त्या नखाला दवाखान्यात कात्री लागली होती, तरी करंगळी सवयीनं वर झाली होती. हे सांगताना काकूंचं तोंड मी बघितलं आहे. सावली नव्हती, चांगला उजेड होता.

सर घरी आले. काळा मोठा चष्मा, आणि शर्ट चक्क सरळ. शेडला कुलूप. लोकांना वाटलं, मास्तर आता बसले घरी. आणि काही दिवसांनी एका सकाळी मी कोर्टात निघाले तर ते कडुनिंबाखाली माझ्या गाडीपाशी उभे.

"वकीलबाई, गाडी उन्हात घ्या."

"सर, उशीर होतोय. पुढची तारीख द्या."

"घ्या म्हणलं ना."

घेतली. सर बॉनेटच्या कडेपाशी वाकले. त्यांना शोधावं लागलं नाही. नव्या डोळ्यांना तो ठिपका लांबूनच दिसला असणार. बोट त्याच्यावर ठेवून ते तसेच थांबले.

"थर गेलाय."

"हो."

"माझ्याबिगर ह्या गाडीला कुणी हात लावल्याला न्हाई."

मी हातातली किल्ली पर्समध्ये टाकली.

"आन तुम्ही रोज सावलीत लावत होत्या."

"तुम्हीच म्हणता ना सर, माणूस सावलीत बघावा."

काळ्या चष्म्याच्या खालून त्यांनी रुमालानं पाणी टिपलं. पुसलं नाही, टिपलं. मग म्हणाले, "माणसाचं ठीक हाय. काम उन्हातच बघावं लागतंय." आणि घराकडे वळून हाक मारली, "अगं, बटणं!"

काकू बाहेर आल्या. सर आत जाऊन शर्ट उलटा घालून आले आणि पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "माझ्या डोळ्यात जाळं होतं त्या काळात केल्याल्या सगळ्या गाड्या बघायच्यात. आदूगर अंकुशनगर, मंग राजूरकडच्या. जिथं थर गेला असंल तिथं मी स्वतः सांगणार, हे माझ्या हातनं झालंय."

"डॉक्टरनं धुळीत जाऊ नका म्हणलंय," काकू बटण लावता लावता म्हणाल्या.

"मी धुळीत कुठं जाऊन राह्यलो? मी वकीलबाईच्या गाडीत जाऊन राह्यलो."

त्या दिवशी मी कोर्टात गेलेच नाही. अंकुशनगरच्या रस्त्याला पुढे उसाची ट्रॉली, तिच्यामागे आम्ही, आणि शेजारी उलट्या शर्टातले सर ताठ बसलेले. काळी गाडी अगदी धड निघाली. दुसऱ्या काही गाड्या मात्र धड निघाल्या नाहीत. प्रत्येक दारात सर उतरले, गाडी उन्हात घ्यायला लावली, दोष असेल तिथं तो मालकाला बोटानं दाखवला आणि म्हणाले, "माझ्या हातनं झालंय." बरेचसे मालक अवघडून म्हणाले, सर, आम्हाला तर दिसलंबी नव्हतं. सर म्हणाले, "आता दिसंल."

परतताना ऊन समोरून होतं. माझ्या बॉनेटवरचा ठिपका सबंध रस्ताभर त्यांच्या डोळ्यांपुढे होता. मला राहवलं नाही.

"सर, मी तेवढी कड रंगवून घेऊ का?"

"नको," ते म्हणाले. "राहू द्या. माझ्या दारावर त्या पोराचं वर्तुळ हाय, तुमच्या गाडीवर माझं."

पुढे मी अंबड सोडलं. गाडी तीच आहे आणि ठिपकाही आहे. कोर्टाच्या आवारात झाडाखाली जागा रिकामी असते, पट्टेवाला रोज बोलावतो, "मॅडम, इकडं सावलीत लावा." दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नाही, सीटचे चटके बसतात. बसू देत. मी गाडी उन्हातच लावते.